पिवळा खडू

सोम. ७ जुलै, विश्रामबाग
आज तृतीय वर्षाला हिमोग्लोबिन. बारा वर्षं तेच चित्र. लाल खडूने दोन अल्फा साखळ्या, पिवळ्याने दोन बीटा. पेशीत त्या वेगवेगळ्या तयार होतात. मग एक अल्फा एका बीटाला धरते, आणि अशा दोन जोड्या मिळून एक हिमोग्लोबिन. बीटा येईपर्यंत अल्फाला सांभाळायला एक वेगळं प्रथिन असतं, तेही सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलंच, "सर, बीटा आलीच नाही तर?"
दर वर्षी कुणीतरी विचारतं. "अल्फा एकट्या पडतात, गोळा होऊन बसतात आणि पेशीलाच मारतात. थॅलेसेमिया. चार मार्कांना हमखास." वर्ग हसला. मी फळा पुसला. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला बीटा होत नाही, हे वर्गाला कशाला सांगा.

मंगळ. ८
ओवीचा रक्त चढवायचा दिवस. दर तीन आठवड्यांनी असतो. हिमोग्लोबिन ७.२. शीर सापडेना, तीनदा टोचलं. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.
"पप्पा, बाळाला पण टोचणार?"
सुरेखाला तिसरा महिना आहे. उद्या पुण्याला तिची तपासणी. वारेचा बारीकसा तुकडा काढून बघतील, बाळालाही ओवीचंच दुखणं आहे का. आई-बाप दोघंही वाहक असले की चारात एकदा निघतं. वर्गात किती सहज सांगतो मी हे.

गुरु. १०
काल पुणं झालं. परतताना सातारा स्टँडवर चहा घेतला. तिथे सु. म्हणाली, "आवं, तुमाला तर ठावं होतं न्हवं समदं? लगनाच्या आदी?"
होतं. सु. माझ्या मामाची मुलगी. आमच्या म्हसवडकडे मामाची पोर म्हणजे हक्काची. नात्यात लग्न करताना रक्त तपासा, हे मी दुसऱ्यांच्या मुलांना घसा फोडून सांगत होतो. मामांना म्हणायला जीभ रेटली नाही. त्यांच्या घरात खोट काढल्यासारखं झालं असतं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं म्हणजे मला सु. हवी होती. तपासलं आणि नको ते निघालं असतं तर?
तिला एवढंच म्हणालो, "होतं." तिचा चहा तसाच राहिला.

रवि. १३, म्हसवड
आईने सिद्धनाथाला नवस बोललाय. मामा आले, त्यांना मी आज पहिल्यांदा सगळं सांगितलं. तपासणी कसली, ओवीचं दुखणं कुठून आलं, मला कधीपासून माहीत होतं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. मामांनी टोपी काढून हातात धरली.
"आरं, बाजारात मेंढरू घेताना म्या दात बघून घेतो. तू इचारलं असतंस तर रगत द्यायला न्हाई म्हनलो असतो व्हय?"
एवढंच. ओरडले असते तर सोसलं असतं.
ओवी ओट्यावर चित्रं काढत होती. कॉलेजातले खडूचे तुकडे मी तिला आणून देतो. मागे तिने, मलाच का टोचतात, असं विचारलं तेव्हा माझं फळ्यावरचं चित्र दाखवून सांगितलं होतं, तुझ्यात पिवळे होत नाहीत. तेव्हापासून प्रत्येक माणसाच्या पोटात दोन लाल गोळे, दोन पिवळे. आजीला, मामांना, कुत्र्यालासुद्धा. स्वतःच्या पोटात फक्त दोन लाल.

शुक्र. १८
रिपोर्ट नाही. फोन वाजला की दोघंही उठतो. प्रॅक्टिकलला दोन मुलांवर उगाच खेकसलो.

सोम. २१
रिपोर्ट आला. ओवीचंच.
डॉक्टर म्हणाले, गुरुवारी या, काय ते ठरवून. मी सु.ला म्हणालो, थांबवू या. तिने ओवीची गोळी पाण्यात विरघळवून दिली, पेला धुतला, मग म्हणाली, "ओवीगत हाय म्हनून नगं? मग ओवीला काय सांगायचं?"
मी तो पेला घेऊन पुन्हा धुतला. मास्तर म्हणे.
थोड्या वेळाने तीच रडत म्हणाली, "आनि ठिवलं तर आनिक एकाला टोचत बसायचं. माज्यानं ते बी व्हत न्हाई, हे बी व्हत न्हाई." मी जवळ गेलो. तिने हात झटकला नाही, धरलाही नाही.

बुध. २३
उद्या गुरुवार. काही ठरलेलं नाही. सु.ने पिशवी भरून ठेवली आहे. कशासाठी, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
संध्याकाळी घरी आलो तर ओवीने हॉलच्या फरशीवर आईचं चित्र काढलेलं. पोट भलंमोठं आणि आत नुसते पिवळे गोळे. मोजता येऊ नयेत इतके.
"बाळाला लय पिवळे दिलेत, पप्पा. उरतील ते मला देईल."
सु. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. आत गेली.
"पण पिवळा खडू संपला. उद्या कॉलेजातनं आणाल?"
उद्या मी रजा टाकली आहे. तिला म्हणालो, आणतो.