सवतीचे नवे टायर

१२ जून

आज जीवच गेला असता एकाचा! वळणावर आमच्या गाडीचा आरसा सायकलवाल्याला लागला. तो पडला, उठला, शिव्या घातल्या. घालणारच. आणि ह्यांनी खाली उतरून काय पाहावं? टायर! "पाण्यावर सरकली गं. हे टायर आता धरत नाहीत."

गाडी सरकली नव्हती. मी शेजारीच होते. चांगली सरळ चालली होती. सायकलवाला माझ्या बाजूला, एवढा पिवळाधमक रेनकोट घालून — आणि ह्यांना तो दिसलाच नाही.

मी काय बोलले? त्याला म्हटलं, "लागलं का हो?" ह्यांना एक अक्षर नाही.

१३ जून

मलाच वेड लागलंय की काय असं वाटायचं. पण आता एकेक आठवतंय. टेबलाच्या कडेला ठेवलेला कप सांडतो. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. मी बाजूला येऊन उभी राहिले की दचकतात. समोरचं सगळं दिसतं, पेपर वाचतात, माझ्या केसातला पांढरा पट्टा बरोबर दिसतो! कडेचं तेवढं हरवतं.

१४ जून

हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. एकटेच, रिक्षाने. मला येऊ दिलं नाही. "नंबर बदललाय, बाकी ठणठणीत."

चष्मा मात्र जुनाच.

१५ जून

मुलाला फोन केला. म्हटलं, बाबांना नीट दिसत नाही रे, गाडी बंद करायला हवी. "आई, तूच सांग ना. तुझं ऐकतात." माझं! डोंबलाचं ऐकतात!

निवृत्त झाल्या झाल्या ही लाल गाडी आणली. जुनीच, पण पळायला लागली की मी सीट घट्ट धरून बसते. मी तिला सवत म्हणते. तोंडावर म्हणते. हे खूश होतात, मेले! रविवारी माझ्याशी बोलायला वेळ नसतो, तिला आंघोळ घालतात. मलाही एकदा चालवायला शिकवली होती, परवानासुद्धा काढला मी. मग एका सकाळी बाहेर काढताना फाटकावर घातली. ती फाटकाची गोष्ट पाहुणा आला की अजून सांगतात, हातवारे करून. मी परत हात लावला नाही.

अशा माणसाला कसं सांगू, की आता गाडी पुरे?

१७ जून

गाडी जागची हलली नाही. "नवे टायर येईपर्यंत नको." म्हणजे टायर आले की पुन्हा सुरू. हे देवा, ते टायर कुठल्यातरी बोटीवर अडकू देत!

१८ जून

भाऊजी आले. टायर म्हटलं की धाकट्याला चेव येतो. चहा गार झाला तरी दोघांचं संपेना.

भाऊजी म्हणे, "दादा, चार वर्षं झुरतोयस त्या टायरांसाठी, आता घेऊन टाक!" ते म्हणजे शर्यतीच्या गाड्यांचे, जवळजवळ गुळगुळीत असतात, कोरड्या रस्त्याला चिकटून पळतात.

हे म्हणाले, "आपल्याकडे कोरडा रस्ता असतो कधी? उकाडा नि पाऊस, पाऊस नि उकाडा." मग सुरू झाले. बर्फासाठी केलेले नकोत, त्यांचं रबर इथल्या तापल्या रस्त्यावर लिबलिबतं. फार रुंद नकोत, साचल्या पाण्यावर तरंगतात. खाचा खोल हव्यात, पाणी बाहेर फेकणाऱ्या. आणि ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबायला हवी. वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल.

वेग कमी चालेल? ह्यांना? भाऊजींनी नाक मुरडलं, "म्हातारा झालास दादा!" हे हसले नाहीत.

निघताना भाऊजींना दाराशी गाठलं. "भाऊजी, जरा ह्यांच्या डोळ्यांचं —" "वहिनी, काळजी सोडा! नवे टायर बसले की गाडी मांजरासारखी चालेल." गेलेसुद्धा.

२० जून

शाळा उघडली. नव्या दप्तरांची रांग त्याच वळणावरून गेली. मागवलेले टायर अजून आलेले नाहीत.

२३ जून

आले.

दुकानापर्यंत गाडी भाऊजींनी चालवली, मी शेजारी. हे मागे बसले! म्हणाले, "मागून आवाज नीट ऐकू येतो." काहीतरीच.

टायरवाल्याला भंडावून सोडलं. "ताजे आहेत ना? गोदामात पडून कडक झालेले नकोत." बरं. मग, "समजा, घाबरून ब्रेक गच्च दाबला, तर?" टायरवाला हसला. "काका, तुम्ही कशाला घाबराल?" "समजा म्हटलं ना! आणि पाण्यात एकदम स्टिअरिंग फिरवलं तर?" पुन्हा ब्रेकचंच. ह्यांना समोर काय दिसत होतं? कुणी आडवं आलेलं?

जुने टायर काढून भिंतीला लावले. खाचा चांगल्या शाबूत! पण माझ्या बाजूचे दोन्ही कडेने खरवडून निघालेले, फुटपाथला घासून घासून. दुसऱ्या बाजूचे स्वच्छ. ह्यांनी त्या खरवडीवरून बोट फिरवलं. सावकाश. मग रुमालाला हात पुसले.

आता तरी बोलतील असं वाटलं. टायरवाल्याला पैसे दिले.

२४ जून

आज सांगायचंच ठरवलं होतं. जेवताना सुरुवातही केली. "अहो, तुमचे डोळे —"

"मीठ दे जरा."

मी मीठ दिलं! लाज वाटते मला माझी. इतकी वर्षं ह्या माणसाशी कचाकचा भांडले, पडद्याच्या रंगावरून भांडले, आणि आता खरं भांडायचं तर मीठ देते. उद्या सकाळी हे गाडी काढणार. शाळेच्या वेळेला. मी काय करू? किल्ली लपवू? लपवली तरी दुसरी आहे ह्यांच्या खिशात. शेजारी बसून ओरडत राहीन, "माणूस! माणूस!" आणखी काय करणार?

२५ जून

सकाळी धावत बाहेर आले तर फाटक जागेवर नाही! बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. आणि हे माझ्या सीटवर, पट्टा लावून बसलेले. किल्ली माझ्यापुढे धरली. "डॉक्टर म्हणाले, आता चालवायची नाही. कधीच नाही. चल, बस. घाबरून ब्रेक गच्च दाबलास तरी थांबते — दोनदा विचारलंय."