चिंचेखालची कबर

२ नोव्हेंबर, संध्याकाळ

दादा पवित्र भूमीची टूर करून आल्यापासून एकच तुणतुणं लावतोय. येशूची कबर त्या मोठ्या चर्चमध्ये नाहीच म्हणे, ती वेशीबाहेरच्या बागेत आहे. आज मृतांचा दिवस, तर जुन्नरच्या कबरस्तानातही त्यानं फादरना सोडलं नाही. नकाशे काय, मोबाइलवरचे फोटो काय. मी तोवर भिंतीकडेच्या आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या कबरीला चुना लावून घेतला. आमच्याकडे कबरींवर नावाचे दगड नाहीत, ज्यानं त्यानं आपला माणूस कुठं आहे ते लक्षात ठेवायचं.

शेवटी आई वैतागली. "बास कर आता. तिथली माती आणलीस ना, घाल तुझ्या बापाच्या कबरीवर."

दादा तरातरा गेला आणि चिंचेखालच्या कबरीवर माती घालून गुडघे टेकून बसला. चिंचेखाली! अण्णांना पुरल्यापासून इकडे फिरकला होता कुठं? मी सांगायला निघाले तर आईनं माझा चुन्याचा हात घट्ट धरला. का धरला? आणि मी तरी का थांबले?

येताना गाडीत पुन्हा तेच. "लोक वर्षानुवर्षं चुकीच्या जागी गुडघे टेकतात, आणि कुणाला काही वाटत नाही."

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "व्हय रे. टेकत्यात."