कुणाला त्रास नको

प्रिय मेव्हिस,

आधी चहा ओतून घे, मग वाच. आता काळजीचं काही नाही, असं डॉक्टर म्हणतात.

वेल्समधला किल्ला फार देखणा आहे. माझं न ऐकता तुझे क्लिफर्ड भावोजी थेट बुरुजावर चढले. उतरून पबमध्ये जेवायला बसलो, तर गरमागरम माशाला यांनी हातही लावला नाही.  बघते तर यांचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"अहो, कुणाला बोलावू का?"

"गप गं हिल्डा! लोक जेवताहेत. कशाला कुणाला त्रास?"

आणि मीही मुकाट जेवत राहिले बघ. आपली इंग्रज माणसंच अशी!

तेवढ्यात पबची मालकीण नेरिस आली. "काय काका, मासा आवडला नाही वाटतं?" मग तिने यांच्याकडे नीट पाहिलं आणि वेल्श भाषेत अशी ओरडली की अख्खा पब उठला. कुणी कोट अंथरला, कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली. हे आडवे पडल्या पडल्या सगळ्यांची माफी मागत होते.

हृदयाचा झटका होता. उद्या ऑपरेशन आहे. नर्सबाई माझ्याशी गोड बोलतात, पण आपसात वेल्शमध्ये बोलायला लागल्या की मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसते.

तुझा गुडघा कसा आहे? आमच्या मांजरीला खायला घालतेस ना?

लग्न झाल्यापासून यांनी चारचौघांत कधी माझा हात धरला नव्हता. आज धरलाय, तो नर्स आली तरी सोडत नाहीत. एका हाताने लिहितेय, कागद सारखा सरकतोय. वाकडं अक्षर समजून घे.

तुझीच,
हिल्डाताई