चढावर ठकठक, उतारावर चिडीचूप

ता. ४ मार्च

चि. भाऊस,
ताईचे मनापासून आशीर्वाद.

पार्सल पोचलं. मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस दोन, मधलं बेअरिंग एक, नटबोल्टांची पुडी एक. हमालीसकट दोन हजार तीनशे चाळीस. जुन्या बाजारातला माल, पण तू ग्रीस लावून फडक्यात गुंडाळून पाठवलास. फडकं धुऊन ठेवलं आहे.

पण बाबा, सगळं बसवून मिस्त्रींनी गाडी चढावर नेली, तरी आवाज जिथल्या तिथे! चढ लागला की पायाखालून ठकठक, कुणी आतून दार वाजवावं तशी. हे चालवायचे तेव्हा उतारावर मात्र चिडीचूप. मिस्त्री म्हणतात गिअरबॉक्स. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर म्हणतात क्लच. इस्त्रीवाला म्हणतो मागचं डिफरन्शियल. त्याला कुणी विचारलं होतं, देव जाणे. माझं डोकं भणभणून गेलं आहे.

आणखी एक. हे म्हणाले लिहू नको, पण तुझ्यापासून काय लपवायचं? गेल्या महिन्यात दवाखान्याच्या उतारावर ह्यांच्याच्याने ब्रेक दाबला जाईना. गाडी कुंपणावर जाऊन टेकली. देवाच्या कृपेने कुणाला खरचटलंही नाही. तेव्हापासून पायातली ताकद गेली म्हणून बसून आहेत. मीच म्हटलं, आता पुरे झालं. वीस तारखेला भंगारवाला गाडी न्यायला येतो. आवाज गेला तर निदान गाडी म्हणून विकली जाईल, म्हणून विचारते.

तुझी,
ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र दुकानात तीनदा वाचलं, गिऱ्हाईकं ताटकळली. मलाही आधी इस्त्रीवाल्याचंच पटत होतं. पण एका गोष्टीवर अडलो. डिझेलची म्हातारी गाडी उतारावर चिडीचूप? इंजिन चालू असताना ती गप्प बसली, तर मी दुकानाला कुलूप लावून तुझ्या शेजारी जपाला बसेन! खरं सांग, उतारावर इंजिन बंद करता का? भावजी तसं करणारे वाटत नाहीत.

करत असाल तर मागचं काही बिघडलेलं नाही. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाटली असणार. चढावर जोर लागला की इंजिन हलतं आणि आपटतं. रबरं पाठवतोय, पैशांचं नाव काढू नकोस.

दुसरी गोष्ट नीट वाच. ब्रेकला जोर इंजिनाकडून मिळतो. ते बंद केलं की एकदोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. मग पाय पैलवानाचा असो नाहीतर भावजींचा. पुन्हा कधी असं करू नका.

लोभ आहेच, रागावलीस तरी.

तुझा,
भाऊ


ता. १४ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

रबरं दोन मिळाली, टपालखर्च तूच भरलास. जुनी काढताना मिस्त्रींच्या हातात तुकडेच आले. त्यांनी चढावर गाडी फिरवून आणली. आवाज नाही.

इंजिन हे बंद करत नव्हते रे. मी करायला लावत होते. डिझेल महागलं तशी दोन वर्षं उतार आला की मी किल्लीकडे बोट दाखवायची. महिन्याला तीन लिटर वाचतं म्हणून चारचौघींत मिरवलंसुद्धा. हे म्हणायचे, पेडल जड लागतं. मी म्हणायची, वय झालं. इतक्या वेळा म्हटलं की त्यांनाही ते खरं वाटलं. आता बाजारातसुद्धा येत नाहीत. परवा काठी विकत आणायला सांगितली, आणि मी आणूनही दिली!

आधी वाटलं, सगळं मिस्त्रींच्या माथी मारावं. पण सकाळी देवापुढे बसले, हात जोडवेनात. हे पत्र पेटीत टाकून आले की मीच सांगणार आहे. रागावले तर रागावू देत. भीती वेगळीच आहे. माझं ऐकून म्हणतील, माझं मन राखायला बोलतेस, आणि किल्लीला हात लावणार नाहीत. गाडीच्या बाबतीत तुझा शब्द ते मानतात. तेव्हा वीस तारखेच्या आत दोन ओळी त्यांच्याच नावाने लिही, की पाय तुमचे ठणठणीत आहेत. माझ्या चुकीवर पांघरूण घालू नकोस. मला वेगळं पत्र नको, पण त्यांना उलटटपाली लिही.

तुझी,
ताई