पडद्यावरची बुधी

२४ नोव्हेंबर, सोमवार
भात झोडून झालं आणि जव्हारच्या डोंगरातून बोईसरला आलो. या वर्षी वीटभट्टी नाय, थेट एसी! हेतलबेनच्या गेमच्या दुकानात काम. चौथीतच शाळा सुटली, पण वही लिहायची हौस हाय. आज नवा मॉनिटर खोक्यातून काढला. सत्तावीस इंची ओएलईडी. सेकंदाला दोनशे चाळीस वेळा चित्र बदलतं. एकेका ठिपक्याला स्वतःचा उजेड. काळं दाखवायचं तर ठिपका पार विझतो. कॉलनीतला भाग्येश खेळून बघायला आला. उठताना म्हणाला, "नवशा, आता मारणारा आधी दिसतो रे. मरतो मी तेवढाच."

२५ नोव्हेंबर
हेतलबेन आठवडाभर सुरतला गेल्या. हा मॉनिटर गिऱ्हाइकांना खेळायला सोमवारपासून, तोवर माझाच. माझ्या बायकोचा, बुधीचा फोटो लावला. उजेड पूर्ण. नाकातली फुली, कपाळावरचं कुंकू, काय झळकतं! काढवेना. राहू दिला तसाच.

१ डिसेंबर, सोमवार
बेन आल्या. फोटो काढला तरी बुधी जात नाय. करड्या पडद्यावर तिची सावली. बेन भडकल्या, "गधेडा, एकच चित्र आठवडाभर ठेवतात काय?" खोक्यातल्या कागदात लिहिलेलं होतं म्हणे. कागद इंग्रजी. मग सफाई शिकवली. बटण बंद केलं की मॉनिटर सहा मिनिटं आपले ठिपके आपणच पुसतो. डाग जाईपर्यंत रोज करायची. आज केली. फुली तेवढी गेली.

२ डिसेंबर
आईचा फोन. बुधीची फुली सापडत नाय. नाकाला भोकच नाय म्हणे, कधी टोचलंच नसावं तसं. आई हसत होती.
आजच्या सफाईत कुंकू गेलं.

३ डिसेंबर
रेंजसाठी टेकडीवर चढून बुधी फोनवर बोलली. कुंकू लावते, पण कपाळावर राहत नाय. "तू काय करतोस तिथं?"
मी सफाई केली नाय. संध्याकाळी बेननीच बटण दाबलं.
तोंड गेलं.

४ डिसेंबर
फोनवर बुधीचा नुसता श्वास. आई म्हणाली, सकाळपासून बोलत नाय, तिचं तोंड—
बेनच्या पाया पडलो. डाग राहू द्या, फुकट राबतो म्हटलं. येडा झालास म्हणाल्या. त्या बाहेर गेल्या तसं शटर आतून लावलं. मॉनिटर बंद करायचा नाय. बंद झाला की पुसणार.

५ डिसेंबर
शुक्रवार. दुरुस्तीला लाइट जाते शुक्रवारी, ध्यानातच नाय— नऊला गेली. इन्व्हर्टर दोन तास.
बेन शटर बडवतायत. डोळे अजून हायत. माझ्याकडंच बघते.

अकरा. विझला.

लाइट आली. सफाई आपसूक सुरू— सहा मिनिटं— टेबलाखाली शिरलो, वायर उपटली— शेजारच्या मॉनिटरची निघाली— सगळ्या काळ्याच—

आईला फोन लावला. म्हणाली, कोण बुधी?

पडदा साफ. काळा असा की आत हात जाईल. बेन खूश होतील.

वहीत वर बुधी, बुधी कोणी लिहिलंय? अक्षर तर माझं हाय. बायको म्हणून लिहिलंय. माझं लग्न कधी—