स्फोटक स्वरूपाचा आवाज

१७ ऑगस्ट, रविवार
परभणीहून गाडीला नवा स्पोर्ट्स सायलेन्सर बसवून आणला. गाडी चौदा वर्षांची, इंजिन बाराशे सीसीचं, पण आवाज आता असा की गंगाखेडच्या बाजारात तीन माणसं वळून बघतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबून एकदम सोडला की मागून फाट् करून बार निघतो. बायकोला, राजेश्रीला, सांगितलं, जुना सायलेन्सर गंजला होता. (गंजला नव्हता. पोत्यात बांधून माळ्यावर ठेवला आहे.) तिने विचारलं, नवीन बसवल्यावर आवाज कमी व्हायला पाहिजे ना? भौतिकशास्त्र न शिकलेल्या माणसाला काही गोष्टी समजावणं कठीण असतं. शिकलेल्यालाही जरा कठीणच.

१९ ऑगस्ट
व्याख्यानाची तयारी. १५ सप्टेंबर, कॉलेजचं विज्ञान मंडळ. विषय: 'वेगवान गाड्यांच्या इंजिनाचा आवाज: काल आणि आज'. आमच्या तालुक्यात या विषयावर माझ्याइतकं कोणी ऐकलेलं नाही. सगळं हेडफोनवर, पण ऐकलेलं.
मुद्दे: पूर्वी रेसच्या गाड्यांना दहा-बारा सिलिंडर. मिनिटाला अठरा हजार फेरे. आवाज कानात नाही, छातीत ऐकू यायचा. मग टर्बो आला. धूर आधी टर्बोचं चाक फिरवून मग बाहेर पडतो, त्यामुळे आवाजाची धार गेली. मग कायदे, फिल्टर. आता काही गाड्यांत इंजिनाचा आवाज चक्क स्पीकरमधून काढतात. बॅटरीवाल्यांना तर आवाजच नाही, तो संगीतकाराकडून करून घ्यावा लागतो.
शेवटचं वाक्य सापडलं: इंजिनाचा आवाज म्हणजे यंत्राने दिलेली खरी साक्ष.

२२ ऑगस्ट, पोळा
राणीसावरगावला गेलो होतो. महारुद्रचं आमंत्रण. आम्ही शाळेपासूनचे मित्र. त्याच्या मुलीची, अर्पिताची, सोयरीक गावच्या आबासाहेबांच्या मुलाशी, भागवतशी ठरली आहे. साखरपुडा दसऱ्याला. म्हणून या वर्षी पोळ्याला दोन्ही घरं खूश.
झालं ते असं. तोरणाखालून पहिला बैल आबासाहेबांचा जातो. तो त्यांचा मान. त्यामागे महारुद्रचा, मग बाकी गाव. बैल ओळीत उभे, हलगी वाजत होती. माझी गाडी मारुतीच्या देवळामागे लावलेली. इंजिन जरा तपासावं म्हणून चालू केलं. (तपासायचं काही नव्हतं. चार लोकांनी ऐकावं असं वाटलं.) एकदाच दाबला आणि सोडला.
बार निघाला. आबासाहेबांचा बैल उधळला. कासरा हाताला गुंडाळलेला, त्यामुळे आबासाहेब दहा पावलं फरपटले. उजवं मनगट गेलं. त्या गोंधळात तोरणाखालून पहिला गेला तो महारुद्रचा बैल, तोही भेदरून.
मी इंजिन बंद केलं, पळत गर्दीत गेलो आणि सगळ्यांच्या आधी विचारलं, कोणी फोडला?
तेव्हा कोणीतरी म्हणालं, सुतळी बॉम्ब होता. मग सगळ्यांनी महारुद्रकडे बघितलं, कारण पहिला मान त्याच्या बैलाला मिळाला होता.
महारुद्र गाडीपासून दहा पावलांवर होता, पण पाठमोरा. पाठमोऱ्या माणसाला आवाजाची दिशा नीट कळत नाही. असं मला वाटतं.

२३ ऑगस्ट
ठराव: उद्या सकाळी आठ वाजता आबासाहेबांना फोन करून सगळं सांगायचं.

२४ ऑगस्ट
आठ वाजता त्यांची पूजा चालू असणार. साडेनऊला फोन केला. सहा आठवडे प्लॅस्टर. मी बैलाची चौकशी केली. मग मनगटाची. मग पुन्हा बैलाची. मुद्द्यावर येणारच होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, सर, तुमचे कान लय तयार हाईत म्हणत्यात, नुसत्या आवाजावर गाडी वळखता. पोळ्याचा व्हिडिओ हाय एकाच्या फोनमधी. पुढल्या रविवारी या, अन् तो बार कशाचा व्हता ते तुमीच सांगा.
मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. शिवाय तज्ज्ञ म्हणून कोणी बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

३१ ऑगस्ट, रविवार
देवळापुढे बैठक. गाडी नेली नाही, एसटीने गेलो. व्हिडिओ चार वेळा ऐकला. न्यूट्रल, साधारण साडेतीन हजार आरपीएम, पाय एकदम काढलेला. मनात पहिला विचार आला तो हा, की साध्या फोनचं रेकॉर्डिंग असूनही बार किती स्वच्छ आला आहे. या विचाराची मला लाज वाटते. (तेव्हा वाटली नाही. आता वाटते.)
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. महारुद्र तेवढा जमिनीकडे.
मी म्हणालो, आवाज स्फोटक स्वरूपाचा आहे.
हे शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे. सायलेन्सरमध्ये न जळलेलं पेट्रोल पेटतं, तोही स्फोटच. आबासाहेब म्हणाले, म्हंजे बॉम्बच की. मी म्हणालो, स्वरूप स्फोटक, याच्यापुढे शास्त्र जात नाही. हे वाक्य कोणी ऐकलं नाही. मी ते जरा हळू बोललो होतो.
परत निघताना महारुद्र एसटीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, गाडी न्हाई आणलास? मी म्हणालो, पंक्चर. तो बरं म्हणाला.

२ सप्टेंबर
जुना सायलेन्सर माळ्यावरून काढून परत बसवला. ध्वनिप्रदूषण हा गंभीर प्रश्न आहे आणि शिक्षकाने स्वतःपासून सुरुवात करावी. नवा भंगारवाल्याला देऊन टाकला. राजेश्री म्हणाली, जुना तर गंजला होता ना? मी वर्तमानपत्र वाचत होतो.

७ सप्टेंबर, रविवार
आबासाहेबांकडून निरोप गेला: आधी कबूल करा, मग साखरपुड्याचं बोलू. महारुद्र म्हणतो, मी केलंच न्हाई तर कबूल काय करू.
दुपारी अर्पिताचा फोन. अकरावी-बारावीला माझ्याकडे शिकवणीला होती, हुशार मुलगी. म्हणाली, काका, लोक तुमचं ऐकत्यात. बाबांनी न्हाई केलं एवढंच सांगा ना. मी म्हणालो, बाळ, शास्त्र पुराव्यावर चालतं. ती म्हणाली, हो काका, तुमीच शिकवलंय.
जेवलो नाही. (संध्याकाळी जेवलो.)

१५ सप्टेंबर
व्याख्यान झालं. साठ-सत्तर जण. दहा सिलिंडरच्या गाडीचा आवाज लावला तेव्हा मागची मुलंसुद्धा मोबाइलमधून बाहेर आली. मग आजची गाडी लावली. फरक सगळ्यांना कळला. मी म्हणालो, आता इंजिन गप्प बसतं आणि त्याच्या नावाने स्पीकर बोलतो. इथे मधेच थांबलो. पाणी प्यालो. लोकांना वाटलं, सरांचा विषयावर फार जीव आहे.
शेवटी रसायनशास्त्राच्या राठोड मॅडमनी विचारलं की काही गाड्या मागून बार काढतात तो काय प्रकार. मी सांगितलं, पूर्वी तो इंजिनाचा दोष होता, गॅरेजवाल्याकडे जाऊन काढून घ्यावा लागायचा. आता लोक मुद्दाम बसवून घेतात. हॉल हसला. मॅडम म्हणाल्या, असे लोक तरी कोण असतात? मी म्हणालो, असतात.
खरी साक्ष हे शेवटचं वाक्य वेळेअभावी गाळलं.

१८ सप्टेंबर
ठराव: या आठवड्यात राणीसावरगावला जाऊन कबुली. पण पितृपक्ष चालू आहे. पितृपक्षात शुभ काम करत नाहीत, आणि कबुली देणं हे शुभ काम आहे. रविवारी अमावस्या, त्यानंतर मोकळं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
घट बसले. राजेश्रीचे नऊ दिवस उपवास, घरात माणूस पाहिजे.
ती आज म्हणाली, अर्पिता लय वाळली हो. मग म्हणाली, तुमी पोळ्याच्या दिवशी गाडी कुठं लावली व्हती? मी म्हणालो, सावलीत.

२८ सप्टेंबर, रविवार
महारुद्रने कबूल केलं.
काल संध्याकाळी तो आबासाहेबांच्या घरी गेला, पाया पडला आणि म्हणाला, मीच फोडला, चुकी झाली. इथून पुढं पोळ्याला त्याचा बैल सगळ्यांत शेवटी उभा राहणार. तीन पिढ्यांची दुसरी जागा गेली. साखरपुडा ठरल्याप्रमाणे दसऱ्याला.
ऐकलं तेव्हा पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. हे कंसात लिहिणार होतो, पण आता कंसात काय लिहायचं आणि बाहेर काय, हेच कळत नाही. दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरलो. पोरीचं लग्न व्हावं म्हणून माझ्या मित्राने माझी चूक पायावर डोकं ठेवून स्वतःच्या नावावर घेतली. मी नालायक माणूस आहे.
ठराव: दसऱ्याला सगळ्यांसमोर सांगायचं. पक्कं. राजेश्रीलाही सांगून टाकलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
साखरपुडा झाला. सोनं वाटून झालं, पंगती उठल्या. माणसं अजून मांडवात होती. उभा राहिलो आणि सांगितलं. आबासाहेब, तो बार माझ्या गाडीचा होता. महारुद्रचा काही संबंध नाही. वाक्य पूर्ण केलं.
मग आबासाहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, मित्रासाठी एवढा मोठा माणूस खोटं बोलायलाय, बघा रे.
मी म्हणालो, खोटं नाही, खरं आहे. त्यांच्या घरच्या सरजाबाई म्हणाल्या, सर, तुमची गाडी मघा दारात आली तरी आमाला कळाली न्हाई. मी सगळ्यांना बाहेर नेलं. वीस-पंचवीस माणसं गाडीभोवती उभी राहिली. चालू केली, दाबला, सोडला. फुस्स झालं. पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स. मी सायलेन्सर बदलल्याचं सांगितलं, भंगारवाल्याचं सांगितलं, आरपीएम सांगितलं. जितकं सांगत गेलो तितके लोक गहिवरत गेले. कोणीतरी म्हणालं, कसं जुळवून सांगायलेत बघा, शिकलेला माणूस.
आबासाहेबांनी शाल मागवली. मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा आग्रह झाला तेव्हा घेतली, कारण त्यांचं मनगट अजून दुखतं आणि ते हात वर धरून उभे होते.
नारळ द्यायला महारुद्रला पुढे केलं. त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, घ्या सर. आम्ही चौथीपासून एका बाकावर बसलेलो. त्याने मला आजवर कधी सर म्हटलं नव्हतं.