तुझ्या व्हिडिओतला धूर

मिनिआपोलिस, मंगळवार

प्रिय बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. स्टेला आत्याने दिलेल्या पिरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, पुरवून पुरवून खातेय, तिला सांग.

आज वर्गात तुझ्या बँडचा व्हिडिओ दाखवला. तोच, पोलादाच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत काढलेला. हेवी मेटल गाण्यांचे व्हिडिओ कसे वाचायचे, हे आम्हाला व्हिटलॉक सर शिकवतात. चित्र थांबवून म्हणाले, "ठिणग्या, भट्टी, मळके कपडे. सगळं नेपथ्य. कामगाराचा वेश चढवला की गाणं आपोआप कणखर वाटतं." तुझ्या लांब केसांना वर्ग हसला. आईलाही ते कधी आवडले नाहीत म्हणा.

मी हात वर केला. म्हटलं, तो वेश नाही, तो माझा बाप आहे, त्याच भट्टीवर कामाला होता.

सर गोड हसले. "छान. पण बघणाऱ्याला हे कुठे ठाऊक असतं? पडद्यावर दिसतं तेवढाच अर्थ." सगळ्यांनी मान डोलावली.

मग एकीने विचारलं, एवढा दाट धूर कुठल्या यंत्राने सोडला असेल? त्यावर तास संपेपर्यंत चर्चा रंगली. शेवटी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'धुरातून मरण सूचित होतं.'

तुझा खोकला पडद्यावर कुठे दिसतो?

डॉक्टर काय म्हणाले, ते आईला फोनवर मला नीट सांगू दे. आणि रात्री ऑक्सिजनची नळी काढून ठेवतोस म्हणे. ठेवू नकोस.

तुझीच,
टेस